आधी पोट, मग कुंकू

भांडण इंग्रजीत चाललं होतं आणि मधुमतीला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, तरी तिला सगळं कळलं.

एडिनबराला, पोर्टोबेलोच्या समुद्राजवळच्या त्या गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांची खोली म्हणजे नुसता फळ्यांचा खोका होता. आत एक हीटर, एक मागच्या वर्षीचं कॅलेंडर, दोन खुर्च्या. एका खुर्चीत मधुमती, तिच्या मांडीवर वर्षाचा अनिश. फळीपलीकडे तिचे यजमान मुरलीधर आणि गॅरेजवाला ॲलिस्टर एकमेकांवर चढले होते. कारण असं, की आदल्या दिवशी गाडीत बसताना मधुमतीचा पाय गाडीतून आरपार गेला होता. पायमोज्यासकट, सपातेसकट. खाली रस्ता दिसत होता. तिने तसं सांगितलं, तर मुरलीधर म्हणाले, खाली कशाला बघतेस, समोर बघ, समुद्र किती छान दिसतोय.

मुरलीधर इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला. टापटिपीचा माणूस. दर रविवारी बादलीत साबण कालवून गाडी धुवायचे, जुन्या बनियनने चकचकीत पुसायचे, बॉनेटमध्ये स्वतःचा भांग नीट आहे का बघायचे. एवढी निगा राखून गाडी कुजलीच कशी, असा त्यांचा सवाल असणार. फळीत एक बोटभर फट होती. मधुमतीने डोळा लावला. ॲलिस्टरने आधी स्वतःच्या गालावर प्रेमाने हात फिरवला, जणू न्हाऊ घातलेलं पोर. मग तो पाठमोरा झाला, थोडा वाकला, आणि आपल्या बुडावर दोन सणसणीत थपडा मारल्या. तोंड दर रविवारी धुतोस, आणि हे कोणी धुवायचं?

मधुमतीला असं हसू फुटलं की मांडीवरचं पोरही हसायला लागलं. मुरलीधर बसने घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाले, हसायला येतं ना, मग यापुढे गाडीचं बूड तूच बघ.

त्यांना वाटलं, टोमणा मारला. तिने ते काम समजून पदरी घेतलं. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली.

तशी ती या कामाला जन्मापासून तयारच होती म्हणा. मधुमती शिरोड्याची. बाप मिठागरात कामाला. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यात, कारण मिठाचं काम उन्हाळ्यात. लोखंड आणि मीठ यांचं कसं जमत नाही हे तिला बाराखडीच्या आधी पाठ होतं. बाप संध्याकाळी फावडं घरी आणायचा, विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचा, वाऱ्यावर टांगायचा, आणि सुकलं की तेलाचं बोट फिरवायचा. शेजारचा एकजण आपलं फावडं गोणपाटात गुंडाळून ठेवायचा, पोरासारखं. दर वर्षी नवं घ्यायचा. मधुमतीचा बाप एकाच फावड्यावर दोन मुलींची लग्नं करून मोकळा झाला.

आणि ही पोरगी लग्न करून कुठे आली, तर जिथे रस्त्यावर मीठ टाकतात. पहिल्या हिवाळ्यात पिवळा दिवा फिरवत एक ट्रक आला आणि मागून काहीतरी उधळत गेला. तिने खिडकीतून बघून विचारलं, हे काय पेरतायत. मुरलीधर म्हणाले, मीठ, बर्फ धरू नये म्हणून. तिला वाटलं थट्टा करतात. सकाळी खाली जाऊन तिने चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं. मीठच होतं, वर मातकट. ती तशीच रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बापाने जन्मभर पाय भाजून घेऊन गोळा केलं, ते इथे मैलोन् मैल फुकट पसरलेलं, आणि त्यावरून लोक नव्याकोऱ्या गाड्या हौसेने नेतायत. बापाला पत्र लिहून कळवलं, तर त्याने उलट टपाली विचारलं की पोरी, जावई दारू पितात का, असलं काय तुला सांगतात.

ॲलिस्टरने तिला पुढचं शिकवलं. खुणांनीच. गाडी उंच करायची, पोटावरचं मीठ होजने, म्हणजे नळाच्या रबरी पाइपने सोडवायचं, चाकांवरच्या कमानीतला चिखल बोटांनी उकरायचा. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी बाहेर जायला. ती बुजली की दार आतून कुजतं. ती भोकं मोकळी करायला ॲलिस्टर तार वापरायचा, मधुमतीने क्रोशाची सुई आणली. मग दोन दिवस वाऱ्यावर सुकवायचं. सुकल्याशिवाय काही लावायचं नाही, नाहीतर ओल आत कोंडते. आणि शेवटी लॅनोलिन. ते म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारं चिकट तूप. लांब नळीच्या डब्यातून ते पोटभर मारायचं, फक्त ब्रेकला आणि धुराच्या नळकांड्याला चुकवून.

मुरलीधर वरून बॉनेट पुसायचे, मधुमती खालून पोट. गाडीत बसलेले दोघंही आपापल्या कामावर खूश. चव्वेचाळिसाव्या वर्षी, पाचव्या खेपेला, तिने लायसन्सही काढलं. परीक्षा घेणाऱ्याने विचारलं की गाडीखाली काय आहे याची एवढी माहिती तुम्हाला कशी, तेव्हा ती म्हणाली, मी तिथेच राहते.

पुढे महाराष्ट्र मंडळात ही गोष्ट पसरली. पुण्या-नागपूरहून नवी नवी मंडळी यायची, पहिल्या पगारात गाडी घ्यायची, आणि दसऱ्याला मंडळाच्या हॉलसमोर झेंडूची माळ घालून पूजेला लावायची. मधुमतीबाई ताम्हण हातात घेऊन ओळीने निघायच्या आणि प्रत्येक गाडीपाशी आधी खाली वाकून दाराच्या पोटाखालून बोट फिरवायच्या. बोटाला चिकट लागलं तर कुंकू. कोरडं लागलं तर पुढची गाडी. दसरा ऑक्टोबरात, मिठाचे ट्रक नोव्हेंबरात. देवाने तारीख बरोबर बघून दिली होती. दोन-तीन वर्षांत रीतच पडली. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सगळे जुने कपडे घालून जमायचे आणि एकमेकांच्या गाड्यांची पोटं धुवायचे. आधी पोट, मग कुंकू.

श्रद्धा नावाच्या एका सोवळ्या बाईंनी एकदा शंका काढली की मेंढीची चरबी लावलेल्या गाडीतून देवळात जायचं म्हणजे कसं. मधुमतीबाईंनी सांगितलं, मेंढी मेलेली नाही, नुसती भादरली आहे. ती तिकडे डोंगरावर गवत खाते आहे, तिला पत्ताही नाही. श्रद्धाबाईंचं समाधान झालं. पण त्याच वर्षी पुष्करने घोटाळा केला. पुष्कर पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, अंडंही न खाणारा. त्याला वाटलं, थोडं लावून फायदा तर जास्त लावून जास्त. त्याने नळकांड्यावरही हात मोकळा सोडला. तो बायकोला घेऊन हॉलपर्यंत आला तोवर नळकांडं चांगलं तापलं होतं. आत आरतीला उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. हॉलभर भाजलेल्या मटणाचा वास. निम्म्या लोकांनी नाकाला रुमाल लावला आणि उरलेल्या निम्म्यांना भूक लागली.

असं सगळं बरं चाललं होतं. मुरलीधर सहा वर्षांपूर्वी गेले. जाताना एक तांबडी छोटी गाडी मागे ठेवून गेले. गाडी आता अठरा वर्षांची, मधुमतीबाई शहात्तर. दोघींचं एकमेकींशी पटायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारच्या मोरागला पोहायला न्यायचं. मोराग चौऱ्याऐंशीची, गुडघ्यांनी अधू, पण पाण्यात सोडली की मासोळी. बुधवारी वाणसामान. रविवारी मंडळ. बस होत्या, नाही असं नाही. पण मोरागला बसची पायरी चढवायची नाही, आणि मोरागला पोहायला न्यायचं नाही तर मग मंगळवार कशाला उगवायचा.

अनिशला मात्र काळजी. अनिश क्रॉयडनला, फायनान्समध्ये, बायको नीना पुण्याची. त्याचं मराठी एडिनबराच्या शाळेत वाढलेलं. उन्हाळ्यात येऊन तो म्हणाला, आई, तुझी गाडी आता फार म्हातारा झालाय, आणि तू पण. आमच्या घराजवळ एक छान फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली ट्राम आहे, गाडीची नीडच नाही. मधुमतीबाईंनी त्याला आंबोळ्या वाढल्या. तो खाऊन पुन्हा तेच म्हणाला. त्या म्हणाल्या, गाडी चालते तोवर मी चालवणार.

मग ठरलं असं. दर ऑक्टोबरात एमओटी असते, गाडीची वर्षाची सरकारी तपासणी. या ऑक्टोबरात गाडी पास झाली तर पुढचं वर्षभर क्रॉयडनचं नाव काढायचं नाही. नापास झाली तर गाडी भंगारात आणि आई क्रॉयडनला. दोघांनी हात मिळवले. अनिशला वाटलं, अठरा वर्षांची गाडी, समुद्राकाठी राहते, किती टिकेल. मधुमतीबाईंना वाटलं, पोराने कधी या गाडीखाली डोकं घातलेलं नाही.

तरी अनिश मनाने चांगला. आईला हरवायचं म्हणजे सरळ हरवायचं. परत गेल्यावर त्याने तिच्या गाडीसाठी एक कव्हर पाठवलं. तीन पदरी, जाड, आतून मऊ, खालून बक्कल लावायचं. त्याचे सासरे कोथरूडला असतात. त्यांची गाडी वीस वर्षं कव्हरखाली आहे आणि तिला कुठे गंजाचा ठिपका नाही, असं नीनाने सांगितलेलं. अनिशने स्वतःच्या मोठ्या गाडीलाही तसलंच घेतलं होतं, दोन हिवाळे झाले.

मधुमतीबाईंनी कव्हर उलगडून बघितलं आणि त्यांना शेजाऱ्याचं गोणपाट आठवलं. कोथरूडला गाडीचा वैरी धूळ. धुळीला कव्हर चालतं. इथला वैरी ओल, आणि ओलीला कव्हर म्हणजे पांघरूण. खालून मीठ लागलेली ओली गाडी वरून झाकून ठेवली की गंजाला घर भाड्याने दिल्यासारखं. हे सगळं पोराला फोनवर सांगायला लागल्या तर तो म्हणाला, आई प्लीज, यू जस्ट कव्हर इट.

मग त्यांनी कव्हर घातलं. कौन्सिलच्या दोन मोठ्या कचऱ्याच्या बिनांवर. दोन बिनं थोड्या अंतराने, मध्ये कपडे वाळत घालायचा घोडा आडवा, पुढच्या बाजूला बागेतली उपडी टोपली, बॉनेटसाठी. वर कव्हर टाकून बक्कल लावलं. मोरागने लांबून बघून सांगितलं, बॉनेट जरा चढवा. ती कोपऱ्यावरून बघत होती आणि हसून हसून तिला काठीवर रेलावं लागलं. दर रविवारी संध्याकाळी अनिश व्हिडिओ कॉल करायचा. मधुमतीबाई फोन खिडकीला लावून दाखवायच्या. अनिश म्हणायचा, बघ, कसं सेफ वाटतं. त्या म्हणायच्या, हो रे, वारा लागत नाही तिला. खरी गाडी मोरागच्या दारात, वाऱ्यावर, सुकत उभी.

दसरा शनिवारी होता, एमओटी त्यानंतरच्या मंगळवारी. अनिशने शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत रजा काढली आणि निकाल डोळ्यांनी बघायला शुक्रवारी सकाळीच निघाला. तो संध्याकाळी सहाला येणार होता. आला चारला. मधुमतीबाई मोरागला घेऊन तलावावर गेलेल्या. दारात कव्हर बघून अनिशला बरं वाटलं. आईने ऐकलं. त्याने प्रेमाने कव्हरवर थाप मारली. बॉनेट आत गेलं. मग काहीतरी लाकडी कडाडलं, आणि गाडीतून कचऱ्याच्या बिनाचं झाकण उघडं पडलं.

तेवढ्यात मधुमतीबाई तांबड्या गाडीतून आत वळल्या. शेजारी मोराग, ओल्या केसांवर टॉवेल. दोन्ही गाड्यांकडे, म्हणजे एका गाडीकडे आणि एका बिनाकडे, अनिश आळीपाळीने बघत राहिला. मधुमतीबाईंनी काच खाली केली.

"कव्हर चांगलं आहे हो," त्या म्हणाल्या. "बिनाला गंजाचा एक ठिपका नाही."

अनिश चिडला नाही. उलट मनात खूशच झाला असणार, कारण तीन महिने उघड्यावर राहिलेली गाडी मंगळवारी काय पास होणार. तो एवढंच म्हणाला की वी विल सी.

शनिवारी मधुमतीबाई पुऱ्या तळत होत्या. अनिश आपण होऊन म्हणाला, आई, गाडीची पूजा मी करतो. त्यांनी मागे वळून बघितलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ताम्हणात हळद, कुंकू, फुलं काढून दिली. कुंकू भिजवायला पाणी घे म्हणून सांगायचं राहिलं, तेलात पुरी जळत होती.

अनिशने बाहेर नळापाशी बघितलं, तर एका वाटीत काहीतरी पिवळसर, तुपासारखं. आई पूजेचं तूप विसरली, असं त्याला वाटलं. त्याने त्यात कुंकू कालवलं. ते परवाचं उरलेलं लॅनोलिन होतं. मग त्याने बॉनेटवर ओम काढला, चाकांना बोटं लावली, आणि गाडीचं कपाळ कोणतं याचा विचार करून पुढच्या नंबर प्लेटवर पाच बोटं भरभक्कम ओढली. आजोबा गणपतीच्या कपाळावर ओढायचे तशी.

पुऱ्या झाल्यावर मधुमतीबाई नमस्काराला बाहेर आल्या. नंबर प्लेटवरचे निम्मे आकडे कुंकवाखाली. पुसायला पदर उचलला, आणि पुन्हा सोडला. पोराने एवढ्या मनापासून केलेली पूजा आपल्या हाताने कशी पुसायची. आकाश भरून आलेलं होतंच. म्हटलं, पाऊस पुसेल. गाडीच्या बाबतीत त्यांनी जन्मात एवढी एकच गोष्ट दुसऱ्यावर सोडली.

पाऊस दोन दिवस पडला. मंगळवारी सकाळी मोरागने दारातून हात केला आणि म्हणाली की आज मी पोहत नाही, तुम्ही आधी निकाल आणा. मधुमतीबाई तांबडी गाडी घेऊन पुढे, अनिश आपल्या मोठ्या गाडीने मागे. गॅरेज तेच. ॲलिस्टर गेला, आता त्याचा मुलगा नील बघतो. फळ्यांची खोली तीच, फट तीच. मधुमतीबाई त्याच खुर्चीत बसल्या. मांडीवर मावणारा अनिश आता समोर उभा राहून फोन बघत होता.

फळीपलीकडे नीलने गाडी उंच केली. मग टणटण ऐकू यायला लागलं. गंज आहे का बघायला तो बारक्या हातोडीने पोटावर ठोकत जातो. घट्ट लोखंड टण म्हणतं, कुजलेलं थप्प म्हणतं. मधुमतीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. पुढची कमान, टण. बुडाची कड, टण. जिथे एकेकाळी एका गाडीतून पाय गेला होता, त्या जागी नील जरा थांबला. टण. टण. त्या खुर्चीत सैल झाल्या आणि मनात म्हणाल्या, जिंकले.

नील कागद घेऊन आत आला. त्याचं तोंड विचित्र झालं होतं. त्याने सांगितलं की पोटाला गंज नाही, असलं पोट त्याने पाच वर्षांच्या गाडीचंही बघितलेलं नाही. ब्रेक चांगले, दिवे चांगले. पण गाडी नापास आहे.

मधुमतीबाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. नीलने दाराबाहेर बोट केलं. नंबर प्लेट वाचता येत नाही. लाल काहीतरी फासलं आहे, पाण्याने निघत नाही, आणि कायदा म्हणजे कायदा.

अनिशच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग आठवण आली, मग दोन्ही एकदम राहिले. तरी तो फायनान्समधला माणूस. ठरलं ते ठरलं, तो म्हणाला. फेल इज फेल.

मधुमतीबाईंच्या डोळ्यांपुढून मोरागचा टॉवेल गेला, रविवारच्या पोटं धुणाऱ्या पोरी-पोरं गेली, लिफ्टचा फ्लॅट आला. पोटासाठी बेचाळीस वर्षं आणि हरायचं ते तोंडापायी. फळीपलीकडून मुरलीधर हसत असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"ठरलं तसं," त्या म्हणाल्या. "येते मी क्रॉयडनला. आजच निघू. पण तुझ्या गाडीत चारशे मैल बसायचं, तर तिचं पोट नीलला बघू दे. मी न बघितलेल्या पोटावर बसत नाही."

अनिशला हसू आलं. बघा की, म्हणाला. चार वर्षांची गाडी, दोन हिवाळे कव्हरखाली. नीलने ती मोठी चकचकीत गाडी उंच केली आणि हातोडी घेतली.

पहिला ठोका थप्प.

दुसऱ्या ठोक्याला खपली गळून नीलच्या बुटावर पडली. त्याने दिवा आत धरून ब्रेकच्या नळीवरून बोट फिरवलं, बोट तांबडं झालं. मग अनिशला बोलावून दाखवलं. वरून आरशासारखी गाडी, खालून बाभळीची साल. बर्फात स्कीइंगला नेलेली, मिठाच्या रस्त्यांवरून आणलेली, आणि तशीच ओली ओली झाकून ठेवलेली. नील म्हणाला की ही नळी बदलल्याशिवाय या गाडीतून तो स्वतः कोपऱ्यावर दूध आणायलाही जाणार नाही. नळी यायला दोन दिवस.

आईने अनिशला आयुष्यात पहिल्यांदा गाडीचं पोट दाखवलं होतं, आणि तेही त्याच्याच गाडीचं.

"मग क्रॉयडनला कशातनं जायचं?" मधुमतीबाईंनी विचारलं. आवाज अगदी गरीब.

नील खोकला. मग म्हणाला की तशी गोष्ट अशी आहे, की नंबर प्लेट आत्ता साफ करून दाखवली तर तो आजच पुन्हा तपासून पास लिहू शकतो. फक्त साफ कोणी करायची ते तुम्ही ठरवा. आणि त्याने टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं टेबलावर, किल्लीशेजारी ठेवलं.

अनिशने बाटली उचलली. चांगला शर्ट घालून तो तांबड्या गाडीसमोर गुडघ्यावर बसला आणि आपलीच पाच बोटं घासायला लागला. लॅनोलिनमध्ये कालवलेलं कुंकू ते, सुटतंय कुठे. वीस मिनिटं लागली. मधुमतीबाई फटीतून बघत होत्या. मध्येच त्याने गाडीच्या बुडाखालून बोट फिरवून बघितलं. बोट चिकट झालं. ते त्याने नाकाशी नेलं, वास घेतला, आणि मान हलवत स्वतःशीच हसला. ओम पुसू नको, मधुमतीबाईंनी आतून सांगितलं, बॉनेटवर कायद्याचं काही नाही.

पासचा कागद दुपारी दोनला मिळाला. दुसऱ्या दिवशी अनिशला ऑफिस, म्हणून त्याला वेव्हर्ली स्टेशनवर सोडायला मधुमतीबाईच निघाल्या. वाटेत तो म्हणाला, आई, हे चीटिंग होतं. कोणतं, त्यांनी विचारलं, बिनांचं की प्लेटचं. तो म्हणाला, सगळं. स्टेशनपाशी उतरताना म्हणाला, नीलला सांग, नळी बदलली की ते मेंढीचं पण मारून टाक. मी न्यायला येईन तेव्हा तू चेक कर.

"बोट फिरवून," त्या म्हणाल्या. "मग कुंकू."

कुंकू पाण्यात भिजवतात, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं.

हिवाळा आला. डिसेंबरात एका रविवारी दुपारी मिठाचा ट्रक पिवळा दिवा फिरवत रस्त्यावरून गेला. मधुमतीबाई मंडळातून परतत होत्या, शेजारी मोराग, तिच्या मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. मधुमतीबाईंनी मोरागला तिच्या दाराशी उतरवलं, कठड्यापर्यंत हाताला धरून नेलं. मग गाडी मागे घेऊन होज काढला. चटई टाकून गुडघ्यावर बसल्या, आणि आधी पोट धुतलं, कमानींच्या आतून, कडांवरून, मातकट पाणी निवळ होईतो. दारांची भोकं क्रोशाच्या सुईने बघितली. तोंडावरून हात फिरवला न फिरवला. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उघडी ठेवली.

अनिशच्या कॉलची वेळ होत आली होती. त्यांनी दोन बिनं अंतरावर लावली, मध्ये नवा घोडा आडवा ठेवला, टोपली उपडी घातली, आणि वर कव्हर ओढून बक्कल लावलं. फोन वाजला. त्यांनी तो खिडकीला लावून ठेवला.

"घातलंस ना कव्हर?" अनिशने हसू दाबत विचारलं.

"घातलंय की," त्या म्हणाल्या आणि बॉनेट जरा चढवायला बाहेर गेल्या.